सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा मुंबई येथील व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद आहे. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा (एनसीपीए) तो निवासी वाद्यवृंद असून त्याची स्थापना २००६ साली झाली. केंद्राचे अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव हे त्याचे संस्थापक होत. बिसेंगालिएव हे या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक आहेत. वर्षातून साधारणपणे दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबर महिन्यांच्या सुमारास, वाद्यवृंदाचे मैफल-हंगाम होतात. युरोपातील अभिजात संगीताबरोबरच भारतीय कलावंतांच्या नव्या रचनांनाही या हंगामांत स्थान मिळाले असून उस्ताद झाकीर हुसेन यांची तबला व वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

स्वरूप

सिम्फनी वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी सुषिर वाद्ये, पितळी सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये असे चार मुख्य विभाग असतात. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास या गजाने वाजणाऱ्या वाद्यांची संख्या सर्वांत मोठी असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या सिम्फनीसाठी ऐंशी ते शंभर वादक लागतात. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्यापुरते स्वरलेखन असते. संपूर्ण संहिता केवळ संचालकासमोर असते. लय, आवाजाचा चढउतार आणि निरनिराळ्या विभागांतील समतोल यांची जबाबदारी संचालकावर असते.

रागसंगीत मुख्यतः एका स्वरावलीच्या विस्तारावर उभे असते. सिम्फनी संगीतात एकाच वेळी अनेक स्वर एकमेकांशी नाते जोडत पुढे सरकतात. या रचनापद्धतीला स्वरमेळ म्हणतात. रागसंगीतात गायक वा वादक मैफलीतच उपजेने विस्तार करतो, तर सिम्फनीत बहुतेक सर्व काही रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले असते. त्यामुळे असा वाद्यवृंद उभा करण्यासाठी स्वरलेखन वाचणारे आणि सामूहिक शिस्तीत वाढलेले वादक मोठ्या संख्येने लागतात. अशा वादकांची उणीव हाच भारतातील वाद्यवृंदांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत पाश्चात्त्य संगीताची परंपरा जुनी आहे. तिचा एक प्रवाह गोव्यातून आला. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. तेथे तयार झालेले अनेक वादक उपजीविकेसाठी मुंबईत आले. हॉटेलांतील बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे आणि पुढे हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण यांत त्यांना काम मिळाले. दुसरा प्रवाह मुंबईतील पारशी समाजाचा होता. पियानो आणि व्हायोलिन यांचे शिक्षण अनेक पारशी घरांत रुळलेले होते.

या दुसऱ्या प्रवाहातील व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. याच सुमारास, १९३४ मध्ये, मध्य युरोपातून आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कौफमान मुंबईत स्थायिक झाले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीच्या परिचयधूनेचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाते. कौफमान यांनी १९४६ मध्ये भारत सोडला. मेहली मेहताही पुढे आधी इंग्लंडला आणि नंतर अमेरिकेला गेले. त्यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म : २९ एप्रिल १९३६, मुंबई) १९५४ साली शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले आणि जगातील अग्रगण्य वाद्यवृंद-संचालकांपैकी एक झाले. संस्थापक परदेशी गेल्यावर मुंबईतील हा प्रयत्न मंदावला. पुढील काळात शहरातील वृंदवादन प्रामुख्याने हौशी व अर्धव्यावसायिक संस्थांनी टिकवून धरले.

भारतीय संगीत आणि सिम्फनी वाद्यवृंद एकत्र आणण्याचा लक्षणीय प्रयत्न गोव्यातील माजोर्डा येथे जन्मलेले व्हायोलिनवादक व वाद्यसंयोजक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी केला. हिंदी चित्रपटसृष्टीत काम करीत असतानाच त्यांनी रागांवर आधारित वाद्यवृंद-रचना लिहिल्या. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी शंभराहून अधिक वादकांच्या वृंदाचा कार्यक्रम सादर केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा गायक म्हणून सहभाग होता. या उपक्रमाला दीर्घकालीन आश्रय मिळाला नाही आणि १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल शर्मा यांनी, लक्ष्मीकांत यांच्यासह, ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव अजरामर केले. मात्र ते नाव एका वाद्यवृंद-रचनाकाराचे आहे, याची जाणीव बहुसंख्य श्रोत्यांना नव्हती.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी मोठे वाद्यवृंद लागत, तोपर्यंत शहरात व्हायोलिनवादकांना नियमित काम होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस सिंथेसायझर आणि संगणकीय ध्वनिमुद्रण रूढ झाल्यावर ही मागणी ओसरली. त्याबरोबर नव्या पिढीने हे वादन व्यवसाय म्हणून शिकण्याचे कारणही क्षीण झाले.

स्थापना

खुशरू सनटूक यांनी २००४ च्या सुमारास लंडनमध्ये मरात बिसेंगालिएव आणि त्यांच्या वेस्ट कझाकस्तान फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे वादन ऐकले. दूरच्या प्रांतात अल्पावधीत उभ्या राहिलेल्या या वाद्यवृंदाचा दर्जा पाहून असाच प्रयोग मुंबईत करता येईल, अशी त्यांची धारणा झाली. त्यातून २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया अस्तित्वात आला. पारशी वंशाचे संचालक झेन दलाल यांनी पुढे सहयोगी संगीत दिग्दर्शक म्हणून वाद्यवृंदाच्या जडणघडणीत महत्त्वाचा वाटा उचलला.

वाद्यवृंदाची रचना दुपदरी आहे. वर्षभर मुंबईत राहून सराव करणाऱ्या आणि लहान मैफली करणाऱ्या वादकांचा एक स्थायी गट आहे. हंगामाच्या वेळी परदेशांतून, विशेषतः कझाकस्तान आणि युरोपमधून, आणखी वादक बोलावले जातात व वृंद पूर्ण आकाराला येतो. स्थायी गट चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणून, म्हणजे मोजक्या वादकांचा लघुवृंद म्हणून, स्वतंत्र कार्यक्रमही करतो.

सभागृहे

राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राची सुरुवात १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने झाली. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे बंधू असलेले जमशेद भाभा या संस्थेशी आयुष्यभर निगडित राहिले. नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर केंद्राचे संकुल उभे आहे.

संकुलातील टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले. अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांनी त्याची आखणी केली. ध्वनिवर्धकाशिवायही श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचावा, या दृष्टीने त्याची पंख्याच्या आकाराची रचना करण्यात आली असून ती भारतीय मैफलीला विशेष अनुकूल मानली जाते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सुमारे ११०० आसने आहेत. प्रशस्त रंगमंच आणि रंगमंचापुढील वाद्यवृंदाची खोलगट जागा यांमुळे येथे सिम्फनी, ऑपेरा आणि बॅले हे तीनही प्रकार सादर करता येतात. सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख कार्यक्रम याच सभागृहात होतात.

हंगाम आणि कार्यक्रम

प्रत्येक हंगामात काही आठवड्यांच्या अवधीत अनेक मैफली होतात. एका मैफलीची नेहमीची मांडणी अशी असते : प्रारंभी एक छोटी रचना, त्यानंतर एकल वादकासह कन्चेर्तो आणि मध्यंतरानंतर सिम्फनी. कन्चेर्तो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या परस्परसंवादावर आधारलेली रचना. ती बहुधा तीन खंडांची असते. सिम्फनीत बहुधा चार खंड असतात. दोन खंडांच्या मधल्या विरामात टाळ्या न वाजवता संपूर्ण कृती संपल्यावरच दाद देण्याचा प्रघात आहे. जागेवर ‘वाहवा’ देणाऱ्या भारतीय श्रोत्याला हा संकेत प्रथम अपरिचित वाटतो. मैफलीच्या आरंभी ओबो हे सुषिर वाद्य एक स्वर धरते आणि सर्व वादक त्या स्वराशी आपली वाद्ये जुळवून घेतात.

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत बीथोव्हेन, मोझार्ट, ब्राम्स, चायकोव्हस्की, रिम्स्की-कोर्साकोव्ह आदी रचनाकारांच्या कृती नियमितपणे असतात. शार्ल ड्युत्वा, कार्लो रिझ्झी, मार्टिन ब्रॅबिन्स आणि युरी सिमोनोव्ह यांसारख्या संचालकांनी वाद्यवृंदाचे संचालन केले आहे. व्हायोलिनवादक ओग्युस्तँ द्युमे, पियानोवादक मारिया जुआंव पिरेश, स्टीव्हन कोव्हासेविच आणि बॅरी डग्लस यांनी एकल वादक म्हणून सहभाग घेतला आहे. ‘तोस्का’, ‘मादामा बटरफ्लाय’ आणि ‘ला बोएम’ या पुच्चिनीच्या ऑपेरांचे प्रयोगही वाद्यवृंदाच्या साथीने मुंबईत झाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी या वाद्यवृंदाचे प्रथमच संचालन केले. त्याआधी ते अनेकदा परदेशी वाद्यवृंद घेऊन मुंबईत आले होते. आपल्या जन्मगावी, तेथेच घडलेल्या वाद्यवृंदासमोर ते वयाच्या ८७ व्या वर्षी उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केल्याला तेव्हा ८८ वर्षे होत होती.

भारतीय कलावंतांच्या रचना

भारतीय वाद्य आणि सिम्फनी वाद्यवृंद यांना एकत्र आणणाऱ्या कृतींचा प्रारंभीचा महत्त्वाचा टप्पा पंडित रविशंकर यांचा आहे. त्यांचा सतार आणि वाद्यवृंदासाठीचा पहिला कन्चेर्तो १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली, तर ‘रागमाला’ हा दुसरा कन्चेर्तो १९८१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केला. ‘रागमाला’चे रचनाकार आणि संचालक दोघेही भारतीय होते, वाद्यवृंद आणि सभागृह मात्र परदेशातील होते. अशी कृती भारतातच लिहवून घेऊन भारतातच प्रथम सादर करण्याची शक्यता सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामुळे निर्माण झाली.

‘पेशकार’

वाद्यवृंदाने झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी एक कन्चेर्तो लिहवून घेतला. त्याचे पहिले सादरीकरण सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत झेन दलाल यांच्या संचालनाखाली झाले. तबलावादन स्वतः रचनाकारांनी केले. झाकीर हुसेन यांचा जन्म मुंबईतील माहीमचा. वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून त्यांना पंजाब घराण्याची तालीम मिळाली होती.

स्वतंत्र तबलावादनात आरंभी संथ लयीत जो विस्तार केला जातो, त्याला पेशकार म्हणतात. ‘पेश करणे’ म्हणजे सादर करणे. तालाचे स्वरूप श्रोत्यांपुढे हळूहळू उलगडणे हे पेशकाराचे कार्य असते. तबला या वाद्याची सिम्फनीच्या जगाला ओळख करून देणाऱ्या कृतीला हे नाव समर्पक ठरते.

अशा रचनेपुढे काही तांत्रिक अडचणी असतात. तबला एका विशिष्ट स्वरात मिळवलेला असतो. सिम्फनी संगीतात मात्र आधारस्वर वारंवार बदलतो. निरनिराळ्या स्वरांत मिळवलेले अनेक तबले जवळ ठेवणे, हा त्यावरील एक उपाय होय. दुसरी अडचण आवाजाच्या प्रमाणाची आहे. पितळी वाद्ये पूर्ण जोराने वाजू लागली की तबल्यातील बोटांचे नाजूक काम झाकले जाते. म्हणून एकल वादनाच्या वेळी वाद्यवृंदाचा पोत विरळ ठेवावा लागतो. तिसरी अडचण उपजेची आहे. वाद्यवृंदाला प्रत्येक मात्रा लिहिलेली हवी असते, तर तबलावादकाला विस्ताराची मोकळीक हवी असते. ‘पेशकार’मध्ये वाद्यवृंदाचा भाग लिपिबद्ध असून तबल्याला स्वतःच्या कल्पकतेने वादन करण्यास अवकाश ठेवलेला आहे. समेवर सर्वांनी एकत्र येणे, हे दोन्ही परंपरांना उमगणारे तत्त्व येथे दुवा ठरते.

मुंबईतील सादरीकरणानंतर ही रचना स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये सादर झाली. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर येथे नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राने क्रिस्टोफ एशेनबाख यांच्या संचालनाखाली ती सादर केली. एका भारतीय वाद्यवृंदाने लिहवून घेतलेली कृती त्यानंतर पाश्चात्त्य वाद्यवृंदाने वाजवावी, हा नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेचा प्रवास होता. पुढे झाकीर हुसेन यांनी तबला, सतार आणि बासरी या तीन वाद्यांसाठीही कन्चेर्तो रचला. त्याच्या सादरीकरणात २०२३ मध्ये सतारवादक नीलाद्री कुमार आणि बासरीवादक राकेश चौरसिया त्यांच्यासोबत होते. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

परदेश दौरे

२०१० साली मॉस्को येथे झालेल्या जागतिक सिम्फनी वाद्यवृंदांच्या महोत्सवात या वाद्यवृंदाने भाग घेतला. त्यानंतर मस्कत आणि अबू धाबी येथे त्याचे कार्यक्रम झाले. जानेवारी २०१६ मध्ये स्वित्झर्लंडचा दौरा झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा आदी शहरांत ब्रिटनचा पहिला दौरा पार पडला. त्यात झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ सादर केले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या महासाथीमुळे हंगामांचा क्रम खंडित झाला. २०२३ च्या अखेरीस वाद्यवृंद पुन्हा ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला.

संगीत विद्यालय

भारतीय वादकांची संख्या वाढवायची, तर लहान वयापासून शिक्षण देणे आवश्यक आहे, या विचाराने २०१२ साली वाद्यवृंदाशी संलग्न संगीत विद्यालय सुरू करण्यात आले. तेथील अध्यापन बिसेंगालिएव यांना परिचित असलेल्या रशियन परंपरेच्या वळणाने होते. लहान वयात आरंभ, वैयक्तिक धडे, स्वरज्ञान व स्वरलेखन यांचे स्वतंत्र तास आणि समूहवादनाचा नियमित सराव, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. वाद्यवृंदातील वादक तेथे शिकवतात. व्हायोलिनवर व्यावसायिक प्रभुत्व मिळवण्यास दहा-बारा वर्षांचा अखंड सराव लागतो. सात वर्षांचे मूल प्रवेश घेते, तेव्हा त्याचा वाद्यवृंदाला होणारा लाभ तपानंतरच दिसू शकतो. शालेय अभ्यास आणि परीक्षा सांभाळून रोज काही तास रियाज करणे ही विद्यार्थ्यांपुढील, तर संगीताला उपजीविकेचे साधन मानणे ही पालकांपुढील मोठी कसोटी ठरते.

टीका आणि मूल्यमापन

वाद्यवृंदावरील प्रमुख आक्षेप त्याच्या नावाशी निगडित आहे. नावात भारत असला, तरी पूर्ण वृंदातील बहुसंख्य वादक परदेशी राहिले आहेत. बाहेरून आणलेल्या वादकांवरील खर्च स्थानिक शिक्षणावर करावा, असे मत त्यामुळे मांडले जाते. याउलट, उत्तम दर्जाचे वृंदवादन प्रत्यक्ष ऐकल्याखेरीज मुलांना आणि पालकांना या शिक्षणाची प्रेरणा मिळणार नाही, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही मतांचा रोख अखेर भारतीय वादकांच्या तयारीकडेच आहे.

दुसरा आक्षेप श्रोतृवर्गाविषयी आहे. कार्यक्रम दक्षिण मुंबईच्या टोकाला होतात आणि श्रोत्यांमध्ये शहरातील एका मर्यादित वर्गाचे प्राबल्य असते. उपनगरांतून वा ठाणे जिल्ह्यातून रात्रीच्या मैफलीला येणे सोपे नाही. तिसरा मुद्दा रचनांच्या निवडीचा आहे. कार्यक्रमांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कृतींचा भरणा अधिक असून भारतीय रचनाकारांच्या नव्या कृतींचे प्रमाण त्या मानाने कमी आहे.

असे असले, तरी मुंबईतील पूर्वीच्या प्रयत्नांच्या तुलनेत या वाद्यवृंदाचे स्थान वेगळे आहे. मेहली मेहता यांच्याकडे जिद्द होती, पण स्वतःचे सभागृह नव्हते. गोन्साल्विस यांच्याकडे वादक आणि रचना होत्या, पण सातत्याने पाठीशी उभी राहणारी संस्था नव्हती. दोन्ही उपक्रम प्रवर्तकांच्या देशांतराबरोबर ओसरले. सभागृह, संस्था, शिक्षण आणि नवनिर्मिती ही चारही अंगे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामध्ये प्रथमच एका छताखाली आली. विद्यालयातून तयार होणारे वादक वृंदात कितपत सामावले जातात आणि ‘पेशकार’नंतर भारतीय रचनाकारांच्या किती कृती लिहविल्या जातात, यांवर या वाद्यवृंदाच्या नावाची सार्थकता अवलंबून आहे.

कालपट

१९३५ : मेहली मेहता यांच्याकडून बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना
१९५८ : सेंट झेवियर्स महाविद्यालयात अँथनी गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद-कार्यक्रम
१९६९ : राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा प्रारंभ
१९८० : टाटा थिएटर सुरू
१९९९ : जमशेद भाभा थिएटर सुरू
२००६ : सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना
२०१० : मॉस्को येथील महोत्सवात सहभाग
२०१२ : संगीत विद्यालयाचा प्रारंभ
२०१५ : ‘पेशकार’चे मुंबईत प्रथम सादरीकरण
२०१६ : स्वित्झर्लंड दौरा
२०१९ : ब्रिटनचा पहिला दौरा
२०२३ : झुबिन मेहता यांच्याकडून वाद्यवृंदाचे प्रथम संचालन, ब्रिटनचा दुसरा दौरा